लाल शाई

बाट्टाम्बाँगला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझा छापखाना आहे. एक यंत्र, दोन पंखे,
आणि कोलाप, जी शाईचे हात
पँटला पुसते आणि घरी जाऊन बोलणी खाते.

नोव्हेंबरात आम्ही दिनदर्शिका छापतो.
आधी काळी फेरी : साधे दिवस.
मग रूळ रॉकेलने पुसून लाल :
सण, सुट्ट्या, राजाचा वाढदिवस.
दोन रात्रींत माझं पुढचं वर्ष
दोरीवर वाळत पडतं.

एप्रिल अजून ओला असतो
तेव्हाच गिऱ्हाईक विचारतं,
यंदाची देवी कोणत्या वारची?
सात बहिणी, वर्षाआड वर्ष एकेक उतरते,
घटका-पळांसकट वेळ ठरलेली.
केळी खाणारी आली की केळी महागतात.
रक्त पिणारी आली की म्हाताऱ्या
उंबऱ्यात बसून हळू बोलतात.
कोलाप म्हणते, सरकारी कचेरीपेक्षा
देवी बरी, वेळेवर येते.

नांगरणीच्या दिवसाचं मी फक्त नाव छापतो.
सात ताटांपुढे राजाचे बैल
कशाला तोंड लावतील, ते कुठं छापता येतं?
मक्याला लावलं तर मका पिकेल.
नुसतं हुंगून मान फिरवली
तर शेजारचा सायकलवाला रेडिओ बंद करतो
आणि उगाच एक चाक फिरवत बसतो.

मी कोलापला सांगितलेलं नाही :
अशी वर्षं होती, ज्यांत एकही तारीख लाल नव्हती.
भिंतीवर कागद नव्हता. भिंतही आपली नव्हती.
दहावा दिवस सभेचा,
बाकीचे नऊ कालव्याचे.
माझी बहीण येम तेव्हा अकराची.
मुलांच्या टोळीबरोबर माती उपसायला नेली.
डोक्याला माझा चौकड्यांचा पंचा होता.

कोणत्या दिवशी, कुणी सांगितलं नाही.
सांगणाऱ्यालाही वार ठाऊक नसणार.

म्हणून भाद्रपदाचा वद्य पक्ष.
ज्यांची तिथी नाही त्यांची ही पंधरा दिवसांची तिथी.
आई होती तोवर सात विहार करायची.
सात दारं शोधूनही घरचं कुणी भेटलं नाही
तर भुकेलं माणूस शाप देतं म्हणे.
येम कशाला शाप देईल, मी म्हणायचो.
आई म्हणायची, भूक देते रे, येम नाही.

आता मी एकच करतो, गुडघे दुखतात.
पहाटे चारला, पाऊस नुकता थांबलेला,
तीळ घातलेल्या भाताचे गोळे ताटात,
अंधारात मंदिराभोवती तीन फेऱ्या.
सुईच्या नेढ्याएवढी तोंडं असतात म्हणे त्यांची.
लोक लांब फेकतात, झाडीच्या दिशेने.
मी खाली वाकून फेकतो,
अकरा वर्षांच्या मुलीच्या उंचीवर.
ती जगती तर आज साठीची असती,
हे हाताला अजून पटत नाही.

तर यंदा ऐन छपाईत
कोलापने सुट्टी मागितली.
कार्तिकातली पुनव, राजधानीत होड्या,
तिच्या गावची होडी उतरणार,
सत्तर वल्ही, नाळेवर रंगवलेले डोळे.
तळ्याकडे चढलेली नदी
आता समुद्राकडे वळलेली असते.
मी म्हटलं, सणाच्या दिवशी सण छापायचा
हा आपला धंदा.
तिने ऐकून घेतलं. पिशवी भरलेलीच होती.

लाल फेरी मी एकट्याने काढली.
डोळा चुकला. लाल एका घराने सरकलं.
साडेतीनशे प्रतींत
प्रत्येक सण दुसऱ्या दिवशी येऊन पडला,
आणि खऱ्या दिवसाचा आकडा काळाच राहिला.
रद्दीत टाकायला हव्या होत्या.
गठ्ठा बांधून कपाटावर ठेवला.

चौथ्या दिवशी कोलाप आली, आवाज बसलेला.
होडी पहिल्याच फेरीत हरली.
बसमध्ये दबलेली पोह्यांची पुरचुंडी,
दोन केळी, एक नारळ.
यंत्र सुरू करून तिने आधी रूळ पुसला,
मग तशाच हातांनी पोहे कालवले.

पांढऱ्या पोह्यांत तिच्या बोटांची लाल शाई.
मी म्हटलं, हात धू.
ती म्हणाली, धुतलेत.
आम्ही खाल्ले.